जिंकलेल्या जोडीचं पुढे काय झालं? एका लाडक्या संशोधन-प्रश्नाची झडती



पेटची तयारी करणारे आणि सिनॉप्सिस लिहायला बसलेले बरेच जण एक विषय हमखास सुचवतात. टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धा जिंकणाऱ्यांचं पुढे काय होतं? विषय आकर्षक आहे, लोकांना माहितीचा आहे, आणि उदाहरणं ढीगभर आहेत. पण उत्तर आधीच ठरलेलं असतं, ही यातली अडचण. जिंकतो तो विसरला जातो आणि हरतो तो मोठा होतो. त्याला पुरावा म्हणून एकच नाव पुढे केलं जातं: अरिजित सिंग.

आज या विषयाची नीट झडती घेऊ. लेखात दोन कामं आहेत. एक, ज्या कार्यक्रमावरून ही गोष्ट जन्मली त्या ‘फेम गुरुकुल’ची समीक्षा. दोन, ही गोष्ट संशोधनाच्या कसोटीवर कुठे टिकते आणि कुठे नाही, ते बघणं. दोन्ही एकत्र करायचं कारण पुढे कळेलच.

गोष्ट काय आहे

२००५ साली सोनी टीव्हीवर ‘फेम गुरुकुल’ सुरू झालं. त्याच वर्षी मार्चमध्ये आपल्या मुंबईचा अभिजीत सावंत पहिला ‘इंडियन आयडॉल’ झाला होता. एसएमएसने मत द्यायची सवय देशाला नुकती लागली होती. ‘फेम गुरुकुल’ची रचना जराशी वेगळी होती. स्पर्धक एकाच ठिकाणी राहणार, शिकणार, आणि दर आठवड्याला सादर करणार. इला अरुण मुख्याध्यापिका. परीक्षक जावेद अख्तर, शंकर महादेवन आणि केके. आणि शेवटी एक विजेता नाही, तर एक जोडी: ‘फेम जोडी’.

ती जोडी ठरली श्रीनगरचा काझी तौकीर आणि कोलकात्याची रूपरेखा बॅनर्जी यांची. काझीच्या गाण्यातल्या उणिवा परीक्षकांनी कॅमेऱ्यासमोर बोलून दाखवल्या आणि प्रेक्षकांनी त्याला पुन्हा पुन्हा वाचवलं. मुर्शिदाबाद जिल्ह्यातल्या जियागंजचा अठरा वर्षांचा अरिजित मात्र अंतिम फेरीच्या आधीच बाहेर पडला. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. २०१३ मध्ये ‘आशिकी २’ आला आणि अरिजित घराघरांत पोहोचला. जिंकलेल्या जोडीचं म्हणून लोकांच्या ओठांवर राहिलेलं गाणं मात्र नाही.

यातून दोन निष्कर्ष काढले जातात. पहिला, प्रेक्षकांची मतं मूर्खपणाची असतात. दुसरा, हरणं हीच खरी संधी. दोन्ही निष्कर्ष ऐकायला छान वाटतात. दोन्ही या माहितीवरून निघत नाहीत.

खोट कुठे आहे

साधा हिशोब करा. अरिजितशिवाय त्या वर्षी किती जण हरले? ‘फेम गुरुकुल’मधले बाकीचे, ‘इंडियन आयडॉल’मधले, ‘सारेगमप’मधले, ऑडिशनच्या रांगेतून घरी गेलेले हजारो. त्यांच्यातले बहुतेक जण आपल्याला आठवत नाहीत, म्हणून ते आपल्या उदाहरणांत येत नाहीत. आपण हरलेल्यांमधून फक्त यशस्वी झालेला उचलला, जिंकलेल्यांमधून फक्त विसरले गेलेले उचलले, आणि दोघांची तुलना केली. नमुना असा निवडला की निष्कर्ष आधीच ठरलेला असतो. व्हायव्हामध्ये पहिला प्रश्न यावर येईल आणि तिथेच गाडी अडकेल.

मग उलटी उदाहरणं घेतली तर? ‘सारेगमप’च्या मंचावरून श्रेया घोषाल पुढे आली, सुनिधी चौहान ‘मेरी आवाज सुनो’ जिंकून पुढे आली. आता म्हणायचं का की जिंकल्यामुळेच माणूस मोठा होतो? तेही चालणार नाही. चूक तीच, फक्त दिशा बदलली.

इथे खरा प्रश्न असा आहे: हाच माणूस जिंकला नसता तर त्याचं काय झालं असतं? एकाच माणसाची दोन आयुष्यं आपल्याला बघता येत नाहीत. मग करायचं काय? यावर एक फार सुंदर अभ्यास झालेला आहे, आणि तो संगीत स्पर्धेवरच आहे.

ब्रुसेल्सची चिठ्ठी

बेल्जियममध्ये ब्रुसेल्सला क्वीन एलिझाबेथ स्पर्धा होते. पाश्चात्त्य अभिजात संगीतात तिचा दबदबा मोठा. व्हिक्टर गिन्सबर्ग आणि यान व्हान ऑर्स या दोन अर्थतज्ज्ञांनी १९५२ ते १९९१ या काळातल्या तिथल्या ११ पियानो स्पर्धा घेतल्या. प्रत्येक अंतिम फेरीत १२ वादक. म्हणजे एकूण १३२ जण. लक्षात घ्या, फक्त विजेते नाहीत. अंतिम फेरीतले सगळेच.

यात वरचा क्रमांक मिळालेल्यांचं पुढे चांगलं झालं, त्यांच्या ध्वनिमुद्रिका जास्त निघाल्या. पण ते क्रमांकामुळे झालं की मुळात ते वादकच चांगले होते म्हणून? हे वेगळं कसं करणार?

त्यांना एक दुवा सापडला. कोण कोणत्या दिवशी वाजवणार हे चिठ्ठी टाकून ठरायचं. चिठ्ठीचा आणि प्रतिभेचा संबंध नसतो. तरीही पहिल्या दिवशी वाजवणाऱ्यांना सरासरीने खालचे क्रमांक मिळत होते आणि नंतरच्या दिवसांतल्यांना वरचे. म्हणजे क्रमांकात नशिबाचा एक वाटा होता. आणि नशिबाने मिळालेल्या त्या वरच्या क्रमांकाचा फायदा पुढे करिअरमध्येही दिसत होता. २००३ साली हा निबंध प्रसिद्ध झाला. ज्यांना ‘इन्स्ट्रुमेंटल व्हेरिएबल’ ही संज्ञा डोक्यावरून जाते त्यांनी ही चिठ्ठी लक्षात ठेवावी. निकालावर परिणाम करणारी, पण गुणवत्तेशी संबंध नसलेली एखादी गोष्ट शोधायची. तिच्या आधाराने कारण आणि योगायोग वेगळे करायचे.

आता तुमच्या लक्षात आलं असेल की हा अभ्यास आपल्या लाडक्या गोष्टीच्या उलट बोलतो. त्या स्पर्धेत जिंकण्याचा फायदा होत होता. मग ब्रुसेल्सचा विजेता टिकतो आणि ‘फेम जोडी’ टिकत नाही, असं का? फरक माणसांत शोधायच्या आधी स्पर्धांत शोधायला हवा. आणि इथे समीक्षा लागते, कारण हे काम आकड्यांनी होत नाही. कार्यक्रम काय मागत होता, हे कार्यक्रम बघूनच कळतं.

दर आठवड्याला काय मागितलं जात होतं

ब्रुसेल्सचा पियानोवादक स्पर्धेत जे वाजवतो तेच पुढे आयुष्यभर वाजवणार असतो. बेथोव्हन तिथेही आणि नंतरच्या मैफलीतही. स्पर्धा आणि व्यवसाय यांचा अभ्यासक्रम एकच आहे.

‘फेम गुरुकुल’चा स्पर्धक काय करत होता? दर आठवड्याला दुसऱ्या कोणाचं तरी गाणं. किशोरकुमारचं, लताबाईंचं, गेल्या वर्षीच्या हिट सिनेमातलं. सोबत थोडा नाच, थोडं रडणं, आणि मतासाठी आवाहन. हे करायला मेहनत लागते, मी ती कमी लेखत नाही. पण काही महिन्यांच्या या शाळेत एक गोष्ट कधीच शिकवली गेली नाही, आणि तीच पुढे लागणार होती: नवं गाणं कसं घडतं? जोडीने काम कसं करायचं? कोणी चाल धरायची, कोणी शब्द बदलायचे, भांडण झालं तर गाणं कसं वाचवायचं?

जोडी हा शब्दच बघा. मतांची मोजणी होऊन शेवटी जे दोघे उरले, त्यांना जोडी म्हटलं गेलं. आपल्याकडे जोड्या अशा बनत नाहीत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल दोघेही वादक म्हणून वाढले, वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या वाद्यवृंदात एकत्र राबले आणि मग संगीतकार झाले. अजय-अतुल तर सख्खे भाऊ. ‘विश्वविनायक’ ते ‘जोगवा’ ते ‘सैराट’ या वाटेवर त्यांना जोडी म्हणून कोणी निवडून दिलं नाही. काम आधी, नाव नंतर. ‘फेम जोडी’चं नाव आधी आलं आणि कामासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

कोणी म्हणेल, टीव्हीच्या कार्यक्रमाकडून एवढी अपेक्षा कशाला? ते माध्यमच उथळ. मला हा युक्तिवाद पटत नाही, कारण दर आठवड्याची वेळ देऊन एखाद्या संस्थेने जोडीकडून काय करून घेतलं याचं मराठीतलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके. आकाशवाणीचे सीताकांत लाड यांची कल्पना. दर आठवड्याला एक गाणं, तेही नवं. वर्षभरात ५६ गाणी झाली. कवी वेळेवर शब्द देईना आणि संगीतकार तगादा लावतोय, याचे किस्से अजून सांगितले जातात. त्या आठवड्याच्या दट्ट्यातूनच ती निर्मिती झाली.

तुलना थोडी अन्यायाची आहे, मान्य. माडगूळकर-फडके तेव्हा आधीच नावाजलेले होते आणि काझी-रूपरेखा नवखे होते. पण माझा मुद्दा प्रतिभेचा नाही, मागणीचा आहे. दोन्हीकडे आठवड्याची वेळ होती, मोठा श्रोतृवर्ग होता, संस्थेचं पाठबळ होतं. एका संस्थेने नवं मागितलं, दुसरीने जुनंच परत मागितलं. वर्ष संपल्यावर एका जोडीच्या हातात ५६ गाणी होती. दुसरीच्या हातात प्रसिद्धी आणि ध्वनिमुद्रणाचा करार होता.

म्हणून या कार्यक्रमावरचा माझा आक्षेप असा: त्याने चुकीचा विजेता निवडला हा दोष किरकोळ आहे. ज्याला निवडलं त्याला त्याने पुढच्या कामासाठी तयार केलं नाही, हा दोष मोठा आहे. परीक्षकांचा आवडता जिंकला असता तरी तो याच जागी उभा राहिला असता.

माझ्या मांडणीला अडचण आणणारी उदाहरणं

संशोधकाने स्वतःच्या म्हणण्याला तडा देणारं उदाहरण स्वतः शोधावं. माझ्या म्हणण्याला ते आहे.

२००२ मध्ये चॅनल व्हीच्या ‘पॉपस्टार्स’मधून पाच मुलींचा ‘व्हिवा’ हा गट निवडला गेला. पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेतून ‘आस्मा’ हा चौघांचा गट. या दोन्ही गटांना नवी गाणी मिळाली, अल्बम निघाले, व्हिडिओ गाजले. तरीही दोन्ही गट फार काळ टिकले नाहीत. मग ‘नवी गाणी मिळाली की टिकतात’ हे खोटं ठरलं ना?

अर्धं खोटं ठरलं, म्हणून म्हणणं दुरुस्त करावं लागतं. गाणी नवी होती, पण गटाने घडवलेली नव्हती. गटासाठी घडवून आणलेली होती. कंपनीचा रस संपला की गाण्याचा झरा आटला. पण त्याच गटांतून नेहा भसीन, अनुष्का मनचंदा, नीती मोहन पुढे पार्श्वगायिका म्हणून उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात गट राहिला नाही, स्टुडिओचा अनुभव राहिला.

आता अरिजितकडे परत या. २००५ नंतर तो थेट २०१३ मध्ये उगवला, असं गोष्टीत असतं. मधली वर्षं कोणी सांगत नाही. तो मुंबईत राहिला, प्रीतम, शंकर-एहसान-लॉय, विशाल-शेखर यांच्याकडे म्युझिक प्रोग्रॅमिंग आणि साहाय्यकाचं काम केलं. म्हणजे गाणं आतून कसं बांधतात हे तो वर्षानुवर्षं बघत होता, करत होता. २०११ मध्ये ‘मर्डर २’मध्ये त्याचा आवाज आला. हरल्यामुळे तो मोठा झाला असं म्हणण्यापेक्षा, स्पर्धेने जे शिकवलं नव्हतं ते त्याने नंतर शिकून घेतलं, असं म्हणणं जास्त नेमकं आहे. आणि विजेत्यांना ते शिकायला उसंत कमी असते, कारण जिंकल्या दिवसापासून त्यांना ‘तयार’ समजलं जातं.

रॅपची ‘हसल’ ही एमटीव्हीवरची स्पर्धा २०१९ पासून चालू आहे. तिथे स्पर्धक स्वतः लिहिलेलं सादर करतात. माझं म्हणणं बरोबर असेल तर तिथल्या स्पर्धकांचं स्पर्धेनंतरचं आयुष्य, जिंको वा हरो, वेगळं दिसायला हवं. हे तपासता येण्यासारखं गृहीतक आहे. कोणाला विषय हवा असेल तर घ्या.

गाणं कोणाचं?

आता थोडं रुक्ष पण महत्त्वाचं. स्पर्धेत तुम्ही दुसऱ्याचं गाणं गाता तेव्हा टाळ्या तुम्हाला मिळतात, गाण्यावरचे हक्क मूळ मालकाकडेच राहतात. पुढे तीच गाणी कार्यक्रमात गायली तर मानधन मिळेल. पण गाणं वाजत राहिलं म्हणून घरी पैसे येणं, हे होत नाही.

भारतात कॉपीराइट कायदा १९५७ चा. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क करारातून काढून घेता येणार नाही असं ठरलं, आणि गायक-वादकांच्या हक्कालाही बळ मिळालं. गायकांची ‘इसरा’ ही संस्था २०१३ मध्ये त्यानंतरच उभी राहिली. २००५ चे विजेते या सगळ्याच्या आधीचे. शिवाय ते अशा वेळी जिंकले जेव्हा कॅसेट-सीडीचा बाजार ढासळत होता आणि स्वतःचं गाणं स्वतः लोकांपर्यंत न्यायची सोय अजून आलेली नव्हती. यूट्यूब त्याच वर्षी जन्मलं होतं, आणि भारतात स्वस्त मोबाइल डेटा यायला २०१६ उजाडलं. म्हणजे जुना दरवाजा बंद होत होता आणि नवा उघडला नव्हता, त्या मधल्या फटीत ही जोडी उभी होती.

याला संशोधनाच्या भाषेत काळाचा परिणाम म्हणतात. २००५ चा विजेता आणि २०२३ चा विजेता एकाच तक्त्यात टाकून सरासरी काढलीत, तर हा फरक त्या सरासरीत गडप होईल.

आपल्याकडची पाच मुलं

आता मराठीकडे वळू, कारण इथे चित्र वेगळं दिसतं. २००८-०९ मध्ये झी मराठीवर ‘सारेगमप लिटिल चॅम्प्स’ झालं. पल्लवी जोशी सूत्रधार, अवधूत गुप्ते आणि वैशाली सामंत परीक्षक. अंतिम फेरीत पाच जण: आळंदीची कार्तिकी गायकवाड, पुण्याची आर्या आंबेकर, अलिबागची मुग्धा वैशंपायन, रत्नागिरी जिल्ह्यातला प्रथमेश लघाटे, लातूरचा रोहित राऊत. जिंकली कार्तिकी. त्या निकालावर तेव्हा घराघरांत झालेले वाद तुमच्यातल्या अनेकांना आठवत असतील.

दीड दशकानंतर बघा. पाचही जण संगीतात आहेत. २०२१ मध्ये त्याच कार्यक्रमात पाचही जण परीक्षकांच्या जागेवर बसले. कार्तिकी जिंकली आणि टिकली. आर्या, रोहित जिंकले नाहीत आणि टिकले. मुग्धा-प्रथमेश जिंकले नाहीत, २०२३ मध्ये त्यांनी लग्न केलं, आणि आता दोघे मिळून कार्यक्रम करतात. कोणाच्या मतदानाशिवाय बनलेली ही जोडी.

इथे क्रमांकाचा फरक एवढा कमी का दिसतो? मला वाटतं, उत्तर मराठी कार्यक्रमांच्या वर्तुळात आहे. आपल्याकडे गणेशोत्सव आहे, दिवाळी पहाट आहे, नाट्यगृहातले तिकीट लावून होणारे कार्यक्रम आहेत. आपल्या नाशिकचंच घ्या. पिंपळपारावरची पाडवा पहाट किंवा कालिदास कलामंदिरातली एखादी संध्याकाळ. तिथे श्रोता काय ऐकायला येतो? अभंग, नाट्यगीत, भावगीत. म्हणजे माहितीचीच गाणी, चांगल्या गळ्यातून. लिटिल चॅम्प्समध्ये ही मुलं हेच गात होती. ब्रुसेल्ससारखं इथेही स्पर्धेचा आणि व्यवसायाचा अभ्यासक्रम बराचसा एकच निघाला. दुसऱ्याचं गाणं गाणं ही हिंदी पॉपमध्ये अडचण होती, मराठी मंचावर तीच पुंजी झाली.

हॉवर्ड बेकर या समाजशास्त्रज्ञाने १९८२ च्या ‘आर्ट वर्ल्ड्स’मध्ये हेच मांडलं. कला एकटा कलावंत करत नाही. संयोजक, साथीदार, तिकीट विकणारा, श्रोता, सगळ्यांच्या सवयी मिळून ती उभी राहते. नाशिककरांना हे पुस्तकातून शिकायची गरज नाही. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचं उदाहरण आपल्या गावातलंच आहे. १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय, मग मुंबईत मोठा व्याप. कर्जात मुंबईची इमारत गेली आणि शेवटच्या वर्षांत ते नाशिकला राहिले. त्यांच्याकडे गळा होता, कीर्ती होती, सभा भरायच्या. तरी मागे जे उरलं ते शिष्यांमुळे, स्वरलिपीच्या पुस्तकांमुळे आणि गावोगावच्या विद्यालयांमुळे. टाळ्यांनी कलावंत टिकत नाही, टाळ्यांच्या मागे जे उभं केलं असेल त्याने टिकतो.

अर्थात, पाच मुलांवरून सिद्धांत होत नाही. त्यांच्याआधीच्या आणि नंतरच्या पर्वांतली, अंतिम फेरीपर्यंत न पोहोचलेली मुलं धरली तर चित्र बदलू शकतं. म्हणून वरचं ‘मला वाटतं’ हे गृहीतक म्हणूनच वाचा.

मग प्रश्न कसा विचारायचा

‘विजेत्यांचं पुढे काय होतं’ याऐवजी असं विचारून बघा: स्पर्धेने सहभागी कलावंतांकडून जे काम करून घेतलं, ते त्यांच्या पुढच्या व्यवसायातल्या कामाशी किती जुळत होतं, आणि त्या जुळण्याचा टिकण्याशी काय संबंध आहे? वाक्य लांब आहे, टीव्हीवर चालणार नाही, पण आरआरसीसमोर चालेल. कारण यात मोजता येण्यासारख्या गोष्टी आहेत.

काम सुरू करताना एवढं करा.

पहिलं, एक पर्व निवडा आणि त्यातले सगळे स्पर्धक घ्या. आवडते नाही, आठवणारे नाही, सगळे. ज्यांचा पत्ता लागत नाही तेही तुमच्या माहितीत धरायचे. ‘पत्ता लागला नाही’ हीसुद्धा नोंद आहे.

दुसरं, ‘टिकणं’ म्हणजे काय हे आधी लिहून ठेवा. वर्षाला किती कार्यक्रम? स्वतःच्या नावावर किती गाणी? पोट संगीतावर चालतं का? गाणं शिकवून घर चालवणारा माणूस यशस्वी की अयशस्वी? माझ्या मते तो संगीतातच आहे. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण माहिती गोळा करायच्या आधी ते ठरलेलं हवं.

तिसरं, गावातून सुरुवात करा. राष्ट्रीय चॅनलच्या मागे लागायची गरज नाही. नाशिकमध्ये शालेय आणि आंतरमहाविद्यालयीन गायन स्पर्धा वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. सार्वजनिक वाचनालयात बसून ‘गांवकरी’ आणि ‘देशदूत’चे जुने अंक चाळा, निकालाच्या बातम्या आणि नंतरच्या कार्यक्रमांच्या जाहिराती एकमेकींशी जोडून बघा. कंटाळवाणं काम आहे. पण अशी यादी हातात असलेला विद्यार्थी आणि यूट्यूबवरच्या ‘आता कुठे आहेत’ छापाच्या व्हिडिओंवर विसंबलेला विद्यार्थी यांच्यातला फरक गाइडला पाच मिनिटांत कळतो.

चौथं, नशिबाला जागा ठेवा. २००६ मध्ये सॅल्गॅनिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. १४ हजारांहून जास्त लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी दिली आणि त्यांना वेगवेगळ्या ‘जगांत’ वाटलं. प्रत्येक जगात इतरांनी काय डाउनलोड केलं ते दिसायचं. गाणी तीच, पण प्रत्येक जगात वेगळी गाणी वर गेली. अगदी उत्तम गाणं सहसा तळाला गेलं नाही, अगदी वाईट सहसा वर आलं नाही. पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. बहुतेक कलावंत याच मधल्या पट्ट्यात असतात. तिथे प्रत्येक यशाला गुणाचं आणि प्रत्येक अपयशाला दोषाचं कारण शोधू नका.

आणि पाचवं, हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. तुमच्या तक्त्यातला प्रत्येक आकडा हा जिवंत माणूस आहे. विशीतली दोन मुलं एका स्पर्धेत उतरली, नियमाप्रमाणे खेळली, जिंकली. त्यानंतर वीस वर्षं त्यांची नावं अरिजितची थोरवी सांगण्यासाठी वापरली जातात. त्यांनी काय चूक केली होती? मुलाखत घ्यायला जाल तेव्हा प्रश्नावलीत ‘अपयशाची कारणं’ असा रकाना घेऊन जाऊ नका. ‘स्पर्धेनंतरच्या पहिल्या वर्षी तुम्ही काय काम केलं, कोणासोबत, आणि त्याचे पैसे कसे मिळाले?’ एवढं विचारा. लोक मोकळेपणाने बोलतात, आणि जे सांगतात ते तुमच्या गृहीतकापेक्षा सहसा जास्त उपयोगी असतं. स्पर्धक लहान मुलं असतील तर पालकांची लेखी संमती आणि नैतिकता समितीची परवानगी आधी. नावं बदलून लिहायची.

पुढच्या लेखात संमतिपत्राचा मराठी मसुदा देतो. तोवर कोणाकडे एखाद्या स्थानिक स्पर्धेची जुनी निकालपत्रिका असेल तर जपून ठेवा. मागे लिहिलेल्या तारखेसकट.